सव्वाआठ ते अकरा

२८ जानेवारी

चि. बुटकी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा पोचलं. जाडजूड होतं, म्हणून काकूला वाटलं तू दादाचे जुने फोटो पाठवलेस. तिने कात्रीने कडा नीट कापली, पहिलं पान पाहिलं आणि ते माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. जेवण झाल्यावर वाचलं.

आम्ही दोघं ठीक आहोत. काकूचा गुडघा जिना उतरताना दुखतो, म्हणून ती आता कठड्याला धरून पाठमोरी उतरते. मी हसलो तर म्हणाली, "हसताय काय, खाली उभे राहा. पडले तर तेवढा तरी उपयोग होईल." प्रेसवर नवा मशीनमन ठेवला आहे. माणूस वाईट नाही. पण काम करताना शीळ वाजवतो. दादाच्या मशीनपाशी कोणी शीळ वाजवलेली मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. त्याला काय सांगणार? आधीचे मालक शीळ वाजवत नव्हते म्हणून तूही वाजवू नकोस, असं सांगता येत नाही. गप्प बसतो आणि डोकं दुखवून घेतो.

तू आता आम्हा सगळ्यांपेक्षा उंच, मोठ्या हुद्द्यावर. तरी बुटकीच लिहितो. दुसरं काही लिहायला गेलं की पत्र परक्याला चाललंय असं वाटतं.

तुझा तक्रार अर्ज दोनदा वाचला. चांगला लिहिला आहेस. मुद्रणदोष एकही नाही. मुद्दाम शोधत नव्हतो, सवय आहे. वेळांचा तक्ताही व्यवस्थित आहे. अकराला त्रास सुरू, बाराला रुग्णालय, साडेबाराला इंजेक्शन, दोनला मेंदूतली रक्ताची गाठ काढून रक्तवाहिनी मोकळी. म्हणजे तीन तास. तीन तासांत मेंदूला रक्त पुन्हा सुरू झालेला माणूस असा लाकडासारखा पडून राहत नाही, अर्थात आत काहीतरी चुकलं आणि गाठ काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं, असं तुझं म्हणणं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी, तीही मूळ प्रतीवर, टपालाने.

तुला राग आला आहे हे समजतं. तुझे बाबा तसा माझा दादा, मला काय कमी आला आहे? अँब्युलन्समधल्या माणसाने दादाला सांगितलं, हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, नाव सांगा. दादाने तिन्ही गोष्टी केल्या. नाव तर आडनावासकट सांगितलं. तो माणूस मला म्हणाला, "मेंदूचा झटका वाटत नाही, पित्त असेल." आणि वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून पाण्याची बाटली घेतली. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. मानेच्या मागून दोन रक्तवाहिन्या वर जातात, कवटीत शिरल्यावर त्यांची एक होते आणि ती मेंदूच्या देठाला रक्त देते. तोल, डोळ्यांची हालचाल, गिळणं, श्वास, सगळं तिच्यावर. गाठ तिथे अडकली की सुरुवातीला चेहरा वाकडा होईलच असं नाही. चक्कर येते, उलटी होते आणि सगळे पोटाचं औषध शोधत बसतात. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला ते चित्र फाडून टाकावंसं वाटलं. आता सांगून काय उपयोग?

आणि तो कागद. घरी सोडताना दिला तो. "रक्तवाहिनी पूर्ण उघडली. प्रक्रिया यशस्वी." दादा तेव्हा शेजारी स्ट्रेचरवर होता. नाकात नळी, मान पट्ट्याने बांधलेली, हलत होते ते फक्त डोळे, तेही वर आणि खाली. मी त्या कारकुनाला विचारलं, यशस्वी कोणासाठी? तो म्हणाला, साहेब, मी फक्त छापून देतो. मीही आयुष्यभर तेच केलं, तेव्हा त्याला काय बोलणार.

सही करतो. तक्त्यातल्या वेळा एकदा पडताळून पाहायच्या आहेत, तेवढा आठवडा दे. घाई करू नकोस.

जेवणखाण वेळेवर ठेव. काकूचे आशीर्वाद.

तुझा,
काका


५ फेब्रुवारी

चि. बुटकी,
आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "सही करायला किती दिवस लागतात, काका?" हे तू काकूच्या फोनवर पाठवलंस आणि तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे विचारलं, "खरंच, किती लागतात हो?" मी चप्पल घालून बाहेर पडलो.

काल रुग्णालयातून फोन आला होता. त्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण काल संध्याकाळपासून दुसरं काही सुचत नाही. एक मुलगी बोलत होती. आवाज लहान, बोलणं पाठ केलेलं. म्हणाली, "ज्यांची मेंदूतली गाठ काढली त्या सगळ्यांची आम्ही नव्वद दिवसांनी चौकशी करतो. पेशंट आता कसे आहेत?"

मी म्हणालो, "तुमच्याकडे नोंद नाही?"

"आमच्याकडे घरी सोडल्याची तारीख आहे, सर. त्यानंतरचं नाही. चालतात का? आधाराने की बिनआधार?"

तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. तिने समजावून सांगितलं. म्हणाली, शून्य ते सहा असे आकडे असतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. तीन म्हणजे मदत लागते, पण आपल्या पायांनी चालतात. पाच म्हणजे अंथरुणावर, सगळं दुसऱ्याने करायचं.

"आणि सहा?"

तिच्या मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं, चहा मागवत होतं बहुतेक.

"सहा म्हणजे... सॉरी सर. केव्हा?"

"दहा डिसेंबरला. चौतिसाव्या दिवशी. त्याआधी पाच होते."

तिने लिहून घेतलं. टाइप केल्याचा आवाज आला, एकच बोट, एकच टक. मी तिला विचारलं, सहा मिळालेले तुमच्याकडे किती? ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, मग मला कशाला विचारता? मी तिच्यावर आवाज चढवला, बुटकी. मी. तू मला कधी ओरडताना ऐकलं आहेस? काकू स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर आली. त्या मुलीने मात्र फोन ठेवला नाही. म्हणाली, "तुम्ही बोला सर, मी आहे."

चौतीस दिवसांतले आठ तू इथे होतीस. उरलेले माझे होते. कूस बदलायची, तोंड पुसायचं, नळीतून पातळ अन्न सोडायचं, घशातला कफ यंत्राने ओढायचा. नर्सने शिकवलं होतं, वर पाहिलं म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. ऊन लागतंय का? वर. पडदा ओढू? वर. वर्तमानपत्र वाचू? मिटले. दादाला सगळं कळत होतं. शेवटपर्यंत. या सगळ्याला पाच म्हणतात.

फोन ठेवण्याआधी त्या मुलीने एक शेवटचं विचारलं. "त्रास अकरा वाजताच सुरू झाला होता ना सर? आमच्याकडे अकरा लिहिलंय, फक्त खात्री करून घ्यायची असते."

मी हो म्हणालो.

प्रेसमध्ये बाइंडिंगवाल्या मावशी सध्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. आज मला म्हणाल्या, "धाकटे भाऊ, पोरीला कळवलंत का?" मी विचारलं, काय कळवायचं? त्या पुढची चळत ओढून घड्या घालायला लागल्या.

अर्ज माझ्याकडेच आहे. अजून सही केलेली नाही. कारण विचारू नकोस, मी लिहीन.

तुझा,
काका


१९ फेब्रुवारी

बुटकी,

चौदा दिवसांत तुझे दोन फोन आले, दोन्ही मी घेतले नाहीत. काकूला सांगितलं, झोपलोय म्हणून सांग. दुपारी चारला. ती म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही, तुमचं तुम्ही बघा," आणि फोन तसाच वाजू दिला.

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितो आहे. आधीच्या चारांत मी फार समजूतदार दिसत होतो, म्हणून फाडली.

तुझ्या तक्त्यातली पहिली ओळ चुकीची आहे. तुझी चूक नाही. ती वेळ मी सांगितली होती. अकराला दादा पडला. त्रास सव्वाआठला सुरू झाला.

त्या दिवशी बियाण्यांच्या पाकिटांचं काम होतं, टोमॅटोचं. दोन वाजता माल न्यायला गाडी येणार होती. सव्वाआठला दादाने हाक मारली, "जुळणी हललीय बघ." तुला लहानपणी दाखवलं होतं, आठवत नसेल. चार रंग एकावर एक नेमके बसले तरच चित्र एक दिसतं. एखादा केसभर सरकला की कडेला दुसरं चित्र डोकावतं. ते तपासायला कागदाच्या कोपऱ्यात बारीक फुल्या असतात, त्या भिंगातून पाहायच्या. मी पाहिल्या. फुल्या एकावर एक होत्या.

"बरोबर आहे की."

"बरोबर? एका जागी दोन टोमॅटो दिसताहेत आणि बरोबर म्हणतोस?"

"तूच बघ भिंगातून."

त्याने पाहिलं. मग म्हणाला, "भिंगात एक दिसतंय." भिंग बाजूला ठेवून पुन्हा कागद पाहिला. "आणि असं दोन. कागद ओला आहे, ताणला जातोय."

भिंगाला डोळा एकच लागतो. दोन्ही डोळे उघडे असले की दोन दिसतं आणि एका डोळ्याने एक, याचा अर्थ बिघाड कागदात नाही. आम्ही दोघं तीस वर्षं दोन-दोन दिसण्यावरच पोट भरत आलो आणि आम्हाला दोघांनाही एकच गोष्ट सुचली, की कागद बदलावा. दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, मला दोन दिसतंय, डॉक्टरकडे ने. दादाला दोन दिसलं की तो मशीनचा स्क्रू पिळायचा. दुसरा विचारच शिवला नाही त्याला. मलाही नाही.

कागद बदलला. तरी दोन. मग त्याने खरंच स्क्रू पिळले, आणि जी जुळणी बरोबर होती ती बिघडली. आता मलाही दोन टोमॅटो दिसू लागले. वाया गेलेल्या कागदांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. मावशी मला हळूच येऊन म्हणाल्या, "मोठे भाऊ भिंत धरून चालताहेत. त्यांना बसवा जरा." मी म्हणालो, झोप झाली नसेल. साडेनऊला म्हणाल्या, "पाणी पिताना ठसका लागला, नाकातून आलं हो." मी म्हणालो, मावशी, तुम्ही तुमच्या घड्या घाला.

सव्वादहाला माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "एक तर चष्मा बदल, नाहीतर मशीनवरून खाली उतर. लोकांच्या कामाची वाट लावायची हौस असेल तर घरी जाऊन लाव."

मी दादाला असं कधी बोललो नव्हतो. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला शाळेत घालायला तोच आला होता.

त्याने डावा तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि कागद पाहिला. मग एक-एक स्क्रू मोजून पुन्हा मूळच्या जागी नेला. पुढचा कागद निघाला तो अगदी स्वच्छ, एकच टोमॅटो. तसाच एका हाताने डोळा झाकून त्याने पाऊण तास मशीन चालवलं. मी समोर उभा होतो, बुटकी. मी ते पाहत होतो. मला वाटलं, चिडून नाटक करतोय. मी म्हणालो, "हां, आता कसा वठणीवर आलास."

तो म्हणाला, "आता एकच दिसतंय."

अकराला त्याला उलटी झाली आणि तो मशीनच्या पायरीवरून खाली आला. पुढचं तुला माहीत आहे.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्ण बरे असे शेवटचे केव्हा होते?" मी म्हणालो, "अकरापर्यंत ठणठणीत होता. मशीन चालवत होता." मावशी माझ्यासोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, सकाळपासूनच त्यांना..." मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा." त्या बाहेर गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बाहेर थांबा म्हणालो नव्हतो.

गोंधळात तोंडातून निघून गेलं, असं मी फाडलेल्या पत्रांत लिहिलं होतं. ते खरं नाही. मला स्पष्ट कळत होतं. सकाळचं सांगायला सुरुवात केली की सव्वादहाचंही सांगावं लागेल, एवढं कळत होतं. त्या क्षणी दादाच्या जिवापेक्षा मला ते जड वाटलं.

पुढे सांगायला चौतीस दिवस होते. तू आलीस तेव्हा आठ दिवस तू आणि मी त्याच खोलीत बसलो होतो. तू तेव्हाच वेळा लिहून घेत होतीस, छोट्या वहीत. मला विचारलंस, काका, नक्की अकरा? मी मान हलवली.

विसाव्या दिवशी, दुपारी काकू झोपली होती तेव्हा, मी दादाला विचारलं. "त्या दिवशी सकाळी तुला खरंच दोन दिसत होते?" त्याने वर पाहिलं. मी विचारलं, "माझ्यावर रागावलास?" त्याने डोळे मिटले. आणि मिटलेच ठेवले. नाही म्हणाला, की माझं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून मिटले, मला समजलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पुढचे चौदा दिवस मी त्याला उन्हाचं आणि पडद्याचं विचारत राहिलो.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना भेटायला गेलो. दोन खेपा फुकट गेल्या. एकदा त्या आत कुणाची तरी गाठ काढत होत्या, एकदा रजेवर. तिसऱ्यांदा चार तास बाकावर बसलो. आत गेल्यावर मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, डोळा झाकल्याचंसुद्धा. ते ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, "तुमची फाइल अजून माझ्या टेबलावर आहे. बघा. तीन तासांत वाहिनी पूर्ण उघडली, कुठे रक्तस्राव नाही, आणि माणूस उठला नाही. आम्ही चौघांनी त्यांच्या मेंदूची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. मला वाटलं माझ्याच हातून गाठीचा एखादा तुकडा पुढे सरकला. त्यानंतर दोन आठवडे मी अशा केस दुसऱ्यांकडे दिल्या. झोप नव्हती मला."

मी म्हणालो, चुकलं माझं.

"मी रागावले आहे," त्या म्हणाल्या. "मी रागावायला नको, तुमचा भाऊ गेलाय. पण मी रागावले आहे."

खरं सांगू? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर बरोबर कारणासाठी रागावलं.

मग त्यांनी बसायला सांगितलं. इंजेक्शन साडेबाराला दिलं होतं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नाहीतर मेंदूत रक्त सुटण्याचा धोका वाढतो. सव्वाआठपासून मोजलं तर पंधरा मिनिटं उरत होती. "तेवढं एक आपल्या बाजूने झालं," त्या म्हणाल्या. पंधरा मिनिटं. मी विचारलं, तेव्हा सव्वाआठ सांगितलं असतं तर दादा वाचला असता का? त्या म्हणाल्या, "मला बाराला सांगून फार फरक पडला नसता, गाठ मी तरीही काढलीच असती. तुम्ही सव्वाआठला घेऊन आला असतात तर कदाचित. नक्की नाही. या वाहिनीतली गाठ काढल्यावर शंभरातले पंचेचाळीसेक तीन महिन्यांनी आपल्या पायांनी चालतात. नुसत्या औषधावर ठेवले तर पंचवीस. आणि काढूनही पस्तीसेक जातात, वेळेत आलेलेही. तुमचे भाऊ यातल्या कोणत्या आकड्यात बसले असते हे मला कोणीही विचारलं तरी सांगता येणार नाही."

कदाचित. मी शिक्षा मागायला गेलो होतो, निदान सुटका तरी मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते कदाचित. त्यावर माणसाने काय करायचं? रडायचं की चिडायचं तेही ठरत नाही. बसमध्ये बसलो आणि तीन थांबे पुढे गेलो.

निघण्यापूर्वी त्यांनी फाइलमधले अकरा खोडून सव्वाआठ लिहिले आणि शेजारी माझी सही घेतली. म्हणाल्या, आकड्यांच्या यादीतही दुरुस्ती करू, सहा तासांची केस तीन तासांत मोजली तर बाकीच्यांचा हिशेबही चुकतो. काल मावशींना तुझ्या काकूसमोर सांगितलं की मी त्यांना त्या दिवशी बाहेर घालवलं ते खोटं लपवायला. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते." चहा न घेता गेल्या. काकू माझं ताट वाढते आणि उठून जाते.

अर्ज सोबत परत पाठवत आहे. सही केलेली नाही. त्या बाईंविरुद्ध तो देऊ नकोस, तेवढं माझं ऐक. अँब्युलन्सवाल्याबद्दल लिहायचं तर जरूर लिही, तिथे मी साक्षीला उभा राहीन. पण त्या तक्त्यातही पहिली ओळ सव्वाआठचीच लिही, आणि तिच्यापुढे मी काय केलं तेही. या पत्राची प्रत करून जोडलीस तरी माझी हरकत नाही. तू विचारशील, तेव्हा का नाही सांगितलंत. त्याला माझ्याकडे या पत्रात लिहिलं त्याहून जास्त उत्तर नाही. असतं तर लिहिलं असतं.

तुझ्या रागाची मी समजूत घालणार नाही. रविवारी दिवसभर घरी आहे. फोन केलास तर मीच उचलीन आणि जे बोलशील ते ऐकेन, मध्ये बोलणार नाही. फोन करावासा वाटला नाही तर तसं दोन ओळींत कळव, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

खाली काय म्हणून सही करावी, यावर बराच वेळ गेला. तुझा काका असं लिहायचं की नाही, ते आता तुझ्याकडे. मी जे नक्की आहे तेवढंच लिहितो.

तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ